ड्यूई स्टॅम्परचं अपील

जज हॅलोरन यांनी कागद टेबलावर ठेवला. "तीन ओळी लिहू आणि मोकळे होऊ, ओलीटा. दावा टिकत नाही हे तुलाही मान्य आहे."

"मान्य आहे," ओलीटा स्टॅम्पर म्हणाली. "पण का टिकत नाही, ते दावा करणाऱ्या बाईला कळायला हवं. मी लिहिते."

"निवृत्तीआधीच्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा?"

"तिच्यासाठी तो शेवटचा आठवडा नाही."

तिने अकरा पानं लिहिली. फेडरल अपील कोर्टात चोवीस वर्षं ती हेच करत आली होती. किरकोळ अपिलं एका ओळीत फेटाळायची सोय होती. ओलीटाने कारणं दिल्याशिवाय कुणालाही परत पाठवलं नाही. हाताखाली येणाऱ्या नव्या वकिलांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "हरलेल्या माणसासाठी लिहा. जिंकलेला वाचत नाही."

यामागचं कारण कोर्टात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे वडील ड्यूई स्टॅम्पर पूर्व केंटकीतल्या कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं राबले. फुप्फुसांत धूळ बसली, घरच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागे. कंपनीने भरपाई नाकारली. ड्यूई भांडत भांडत अपील कोर्टापर्यंत गेले. खोऱ्यातले आणखी चाळीस खाणकामगार त्यांच्या निकालाकडे डोळे लावून बसले होते. ड्यूई जिंकले असते तर त्यांचाही मार्ग मोकळा होणार होता.

एके दिवशी ड्यूई पोस्टातून परत आले, टोपी काढून खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "नाही म्हणाले. एका ओळीत."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. दोन हिवाळ्यांनी ते गेले.

तो नकार आला तेव्हा ओलीटा सतरा वर्षांची होती. त्याच वर्षी शाळेची शिष्यवृत्ती मिळून ती कॉलेजला गेली, पुढे वकील झाली, मग जज. थोरला भाऊ व्हर्जिल आधीच खाणीत उतरला होता. तो तिथेच राहिला.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच सोमवारी ती कोर्टाच्या तळमजल्यावर, जुन्या फायली मागवायच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या नोरीनने अर्ज वाचला आणि मान वर केली.

"जजबाई, इतकी वर्षं वर बसून होतात. नुसता फोन केला असता तरी फाइल टेबलावर आली असती."

"म्हणूनच केला नाही."

"शिक्क्यासाठी उद्या या म्हटलं तर याल?"

"येईन."

नोरीन हसली आणि तिने लगेच शिक्का मारला.

तीन आठवड्यांनी ड्यूईंच्या अपिलाची फाइल आली. ओलीटाने पाकीट फोडलं नाही. ते शेजारच्या सीटवर ठेवून ती चार तास गाडी चालवत व्हर्जिलच्या घरी गेली.

व्हर्जिल स्वयंपाकघरात बसला होता. नाकाला ऑक्सिजनची नळी, पुढ्यात घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव.

"आधी खा," तो म्हणाला. "शहरात तुला कुणी धड वाढत नाही, तोंडावरून दिसतंय."

"तूच कुठे खातोयस?"

"मी खाण खाल्ली. पोट भरलंय."

ती जेवली. त्याने ताटल्या बाजूला सारल्या आणि पाकिटावर बोट ठेवलं.

"त्या चाळीस जणांपैकी आता मी आणि हर्शेल, दोघेच उरलोय," तो म्हणाला. "मला कायदा समजावून सांगू नकोस, ओली. मला फक्त डॅडींना नाही म्हणणाऱ्या त्या तीन जजांची नावं हवीत."

"आता काय करणार आहेस नावांचं?"

"ते तिघं वर गेलेले असणार. मीही निघालोच आहे. नावं ठाऊक असलेली बरी." एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत ओलीटा थांबली. मग तिने पाकीट फोडलं.

कंपनीचं उत्तर होतं, डॉक्टरांचे दोन दाखले होते. ती शेवटच्या पानावर आली. जजांचा हुकूम तिथे नव्हता. रेघी वहीतून फाडलेला एक कागद होता आणि त्यावर डॅडींचं ठळक, तिरकं अक्षर.

'मी ड्यूई स्टॅम्पर माझं अपील मागे घेत आहे. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. माझ्या मुलीच्या कॉलेजचा खर्च कंपनी करणार आहे. शाळेमार्फत, शिष्यवृत्ती म्हणून. माझा मुलगा खाणीत आहे. त्याला हे कधी कळू नये, एवढी विनंती.'

खाली कोर्टाचा शिक्का होता.

"किती लिहिलंय?" व्हर्जिलने विचारलं.

"एकच ओळ."

"आणि नावं?"

ओलीटाने फाइल मिटली आणि सावकाश, एकामागून एक, तीन नावं सांगितली.