मूळ मनांना धक्का न लावता

"तिच्या आठवणींना धक्का लागता कामा नये," दातीरमास्तरांनी केंद्रातल्या ऋजुताला दोनदा बजावलं होतं. त्यांच्या पत्नीचं, शैलाबाईंचं, मन मरणाआधीच केंद्रात जपून ठेवलेलं होतं. त्याला आपलं मन जोडायचं आणि तिचे शेवटचे शब्द मिळवायचे, एवढंच मास्तरांना हवं होतं. जाताना ती काहीतरी पुटपुटली होती, आणि नेमकं तेव्हा त्यांच्या कानाचं मशीन उशाशी पडलं होतं.

जोडणी झाली. मास्तर डोळे मिटून वाट पाहत राहिले.

"मला काहीच आठवत नाही गं."

"तुम्हाला कसं आठवेल, काका?" ऋजुता हळूच म्हणाली. "तुमचं मन होतं तसंच आहे, काकूंचंही. दोन्ही मिळून हे तिसरं तयार झालंय. बोला त्याच्याशी."

समोरच्या स्पीकरमधून हसू ऐकू आलं. थोडं शैलाचं, थोडं त्यांचंच. इतकं सुखाचं हसू मास्तरांच्या घरात कधी ऐकू आलं नव्हतं.

मास्तरांनी कानातलं मशीन नीट बसवलं. "जाताना ती काय म्हणाली?"

हसू थांबलं. मग आवाज अदबीनं म्हणाला, "ते आम्हा नवरा-बायकोतलं आहे, आजोबा. तुम्हाला कसं सांगायचं?"