डिकीचं झाकण

“उघडतं कुठून?” सासऱ्यांनी विचारलं.

जावई हसला. हाही कौतुकाचाच एक प्रकार असावा, असं त्याला वाटलं. तीन रविवार खपून त्याने आपल्या एसयूव्हीच्या डिकीला प्लायवूडचं झाकण बसवलं होतं. वरून करडं कार्पेट, कडेने लाकडी पट्टी, खिळे बिनटोपीचे. काचेला नाक लावून पाहिलं तरी आतलं काही दिसत नव्हतं. आणि आत या क्षणी खुद्द सासऱ्यांची बॅग होती. काल संध्याकाळी ती मुद्दाम आत ठेवून मगच त्याने शेवटची फळी गम लावून हाताने घट्ट दाबून बसवली होती. प्रात्यक्षिक म्हणून.

सासरे चाळीस वर्षं रंधा मारलेले मिस्त्री. जावयाने केलेल्या चपलांच्या मांडणीकडे पाहून त्यांनी, “किती दिवस टिकवायचीय?” एवढंच विचारलं होतं. त्यांच्या तोंडून ‘बरं झालंय’ हे दोन शब्द निघावेत, यापलीकडे आठ वर्षांत जावयाला सासरकडून काही नको होतं. शब्द निघायला आता वीस मिनिटं उरली होती. मग सासऱ्यांना ट्रेनवर सोडायचं होतं. म्हणून तर आजही त्याने कामाचाच शर्ट घातला होता, कष्ट दिसावेत म्हणून.

“हे काय, इकडून,” असं म्हणून त्याने डिकीचं दार वर केलं आणि झाकणाची अलीकडची कड ओढली. झाकण हललं नाही. गाडी हलली.

“नवीन आहे ना, जरा घट्ट आहे. तिकडून उघडतं.”

तिकडूनही गाडीच हलली.

सासऱ्यांनी चष्मा चढवला. “बिजागऱ्या कुठायत?”

“आहेत की. पितळी आणल्यात, भारीतल्या.” जावयाचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. बिजागऱ्या तिथेच होत्या, कागदाच्या पुडीत, आठ स्क्रूंसकट. त्याने काढलेल्या नकाशात त्या अगदी बरोबर जागी होत्या.

तेवढ्यात बायको किल्ली फिरवत खाली आली. “चला! बाबांची बॅग ठेवलीस ना?”

“ठेवली.”

“कुठे?”

जावयाने झाकणाकडे बोट दाखवलं. सासऱ्यांनीही दाखवलं.

बायकोने झाकण ओढून पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. “मागची सीट पाड आणि तिकडून काढ.”

“तिकडून चोर हात घालतात,” जावई हळूच म्हणाला. तिकडेही प्लायवूडच होतं. चोराने कुठून हात घालावा, याचा त्याने तीन रविवार विचार केला होता. मालकाने कुठून घालावा, हे तेवढं राहून गेलं होतं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची, कबूल,” बायको म्हणाली. “पण मूठ निदान उघडते रे!”

“जावईबापू,” सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, “लग्न ठरवताना तुम्ही कसले इंजिनिअर म्हणाला होतात?”

“सॉफ्टवेअर, बाबा.”

“हां, मग ठीक आहे. मला वाटलं, पुलांचे.”

बायको वर गेली आणि हातोडी शोधू लागली. हातोडी टूलबॉक्समध्ये होती आणि टूलबॉक्स बॅगेच्या शेजारी, झाकणाखाली. शेवटी ती खलबत्त्यातला बत्ता घेऊन आली. “फोड,” म्हणाली. “दहा मिनिटांत निघायला हवं.”

जावयाने बत्ता घेतला. आठ वर्षांची आशा त्याच्या डोळ्यांसमोर प्लायवूडचा भुसा होऊन उडाली. त्याने डोळे मिटले आणि हात उचलला.

“थांबा.”

सासरे वाकले होते. झाकणाच्या कोपऱ्यावर त्यांनी अंगठ्याचं नख टेकवलं आणि सांध्यावरून पार टोकापर्यंत ओढत नेलं. नख कुठे अडकलं नाही. मग गाल टेकवून, एक डोळा मिटून त्यांनी कड निरखली. मग खिशातून ट्रेनचं तिकीट काढून ते फटीत सारायला गेले. तिकीट मुडपलं, आत शिरलं नाही.

“हा कोपरा कुणी केला?”

“मीच.”

“खोटं बोलू नका.”

“शप्पथ, बाबा. चार वेळा फसला, पाचव्यांदा बसला.”

“काटकोन कशाने धरलात?”

“लॅपटॉपने.”

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला. असा अपमान त्यांच्या धंद्याचा आजवर कुणी केला नव्हता. आणि तरी कोपरा समोर होता.

“बाबा, ट्रेन जाईल,” मुलगी म्हणाली. “फोडू दे त्याला.”

“त्याच्याच्याने नाही व्हायचं. आण इकडे.” त्यांनी जावयाच्या हातातून बत्ता घेतला, बाह्या सारल्या, पाय रोवले, नेम धरला. हात वर गेला आणि वरच राहिला. बाजूने जाणारा शेजारीही थांबून बघू लागला. मग हात हळूहळू खाली आला आणि सासऱ्यांनी बत्ता मुलीला परत दिला, घरातली भांडी बाहेर कशाला आणता, अशा चेहऱ्याने.

फोन वाजला. सासूबाई होत्या.

“नाही निघालो,” सासरे म्हणाले. “बॅग अडकलीय डिकीत… जावयाने बंद केलीय… हो, तोच, दुसरा कुठला आहे आपल्याला?… नाही गं, फोडता येतं.”

त्यांनी कोपऱ्यावरून तळवा फिरवला.

“फोडवत नाही.”