आमची खाडी

"फोन टेबलावर ठेव," अनसूयाबाई म्हणाल्या. "आणि लॉक उघड."

निशाने फोन ठेवला, पण लॉक उघडलं नाही. नववीतली पोर शिक्षकखोलीत मान खाली घालून उभी होती. शेजारी तिचा बाप महादू. खारबाव गावाहून हातातलं काम टाकून तसाच आलेला, मुठीत गाडीची किल्ली. मधली सुट्टी होती. खिडकीपलीकडे नारपोलीचे कापडाचे लूम खडखडत होते, त्यामुळे या खोलीत सगळ्यांनाच जरा चढ्या आवाजात बोलायची सवय. बाई तर आज मुद्दामच चढ्या आवाजात बोलत होत्या.

डोकं फिरायला कारणही तसंच होतं. जिल्ह्याच्या निबंध स्पर्धेला शाळेतून एकच निबंध जायचा होता आणि तो मराठीच्या बाई म्हणून त्यांनीच निवडला होता. निशाचा, 'आमची खाडी'. चार दिवसांपूर्वी याच खोलीत उभं राहून त्यांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. अठ्ठावीस वर्षं घसा फोडला त्याचं चीज झालं, म्हणाल्या. आणि काल संगणकाच्या सुश्रुत सरांनी सहज गंमत म्हणून फोनमधल्या एआयकडे, त्या लिहिणाऱ्या मशीनकडे, त्याच विषयावर निबंध मागितला. 'खाडीच्या कुशीत विसावलेलं माझं टुमदार गाव.' पहिलं वाक्य जवळजवळ तेच. पुढचा बराचसा निबंधही तसाच.

सुश्रुत सर म्हणाले, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. बाईंनी त्यांनाच झापलं. फळा काढून स्क्रीन लावलात, आता मास्तर काढा आणि तिथे एक प्लग बसवा. वर्गातली निम्मी पोरं हल्ली असेच निबंध आणतात. सगळ्यांची किरणं सोनेरी, सगळ्यांचा वारा मंद, सगळ्यांचा बाप कष्टाळू. चाळीस पोरांना मिळून एकच बाप असल्यासारखा.

त्या पोरांचं काही नाही. पण निशा? हिला तर त्यांनी स्वतःच्या हाताने घडवलं होतं. शाळेत आली तेव्हा तोंड उघडलं की हाय आणि न्हाय. एकदा उत्तर देताना "माजे घरी न्हाय" म्हणाली, तेव्हा बाईंनी तिला तास संपेपर्यंत फळ्यापाशी उभं करून "माझ्या घरी नाही" म्हणायला लावलं. वर्ग हसला. बाईंनी हसू दिलं. त्यानंतर पोर वर्गात फारशी बोलली नाही, पण वहीतलं मराठी महिन्यागणिक धुतल्यासारखं स्वच्छ होत गेलं. आणि आता हे.

पत्र तयारच होतं. निशाचं नाव स्पर्धेतून काढलं आहे, कारण फसवणूक. खाली पालकाची सही. एक प्रत सूचनाफलकावर.

महादूने ते दोनदा वाचलं.

"बाई, नाव काढा. मना त्याचा काय न्हाय. पन फसवनूक नका लिवू. शालेतनं हिचाच निबंध जानार, आख्ख्या गावाला सांगितलाय मी."

"मग गावाला आता हेही सांगा."

बाईंचं एवढ्यानेही पोट भरलं नव्हतं. गोदामांचं भाडं येतं, पोरीच्या हातात एवढा महागाचा फोन देता, म्हणाल्या, आता अक्कलही भाड्यानेच आणायची का?

महादू कसंनुसं हसला. "जमीन गेली, भाडा आला. दुसरा काय येनार, बाई?"

सुश्रुत सर मध्ये पडले. फोन बघायलाच हवा असं नाही, मुलीला दुसरा निबंध समोर बसून लिहू द्या. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्यांना पुरावा हवा होता, आणि तो बापासमोर हवा होता.

तेव्हा निशा पहिल्यांदा बोलली. अगदी शुद्ध, बाईंच्या मराठीत.

"पप्पांना बाहेर पाठवा. मग दाखवते. आणि पत्रात फसवणूक लिहा, चालेल मला."

"आता बापाची लाज वाटतेय?" बाई म्हणाल्या. "मशीनला काम सांगताना नाही वाटली ती?"

निशाने फोनवर हात ठेवला. महादूने तो हळूच बाजूला केला, आकडे दाबले आणि फोन बाईंपुढे सरकवला.

"वाचा. चोरी आसंल तर मी सही करतो."

बाईंनी बोटाने मजकूर भराभर खाली ओढला, पार सुरुवातीपर्यंत. 'खाडीवर निबंध लिहून दे', एवढी एक ओळ तिथे असणार, याची त्यांना खात्री होती. ती ओळ नव्हती. मशीनच्या त्या गुळगुळीत निबंधाच्या आधी निशाने स्वतः टाइप केलेला मजकूर होता. तो बघून बाईंना आणखीच चेव आला. त्यांनी तो मुद्दाम गावठी हेल काढून, खोलीभर ऐकू जाईल असा वाचायला घेतला.

"खाडीचा पानी आमचे पायरीला लागायचा. आता तिथं गोदाम हाय. पप्पानंच दिली जागा. पन पप्पा अजून सकाली उठला का सांगतो, भरती लागली. गोदामातले हमाल हसतात त्याला. मी हसत न्हाय. मी मागं जाऊन बगते. पानी न्हाय. पन टायम बरोबर असतो."

हेल मध्येच कुठे गळाला, बाईंना कळलं नाही. खाली मशीनसाठी लिहिलेली एकच ओळ उरली होती, आणि वाचायच्या ओघात तीही त्यांच्या तोंडून मोठ्यानेच गेली.

"ह्यातला आमचा बोलना काढ, पप्पाला काढ, बाईंना चालंल असा कर."