कोरडी कबर

तिसऱ्या खड्ड्यालाही पाणी लागलं, तेव्हा पाद्रीसाहेब तेजरामच्या घरी आले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. मागे डोमाची मुलगी तृप्ती. तिचा बाप काल संध्याकाळी गेला होता, आणि आज दुपार झाली तरी घरात शवपेटीतच पडून होता.

तेजराम ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. ही मंडळी काय मागायला आली आहेत, हे त्याला ठाऊक होतं. गावात ख्रिस्ती घरं एकवीस, आणि तयार कबर एकच, ती त्याची. वरठीच्या कारखान्यातून निवृत्त झाला त्याच वर्षी त्याने ती बांधून घेतली होती. तळ्याकाठचं कबरस्तान, पावसाळ्यात हातभर खोदलं की पाणी. म्हणून चारी बाजूंनी विटा, तळाला सिमेंट, वर पत्रे. उशाशी दगड, त्यावर नाव आणि जन्मतारीख. पुढची जागा कोरी.

"काका," तृप्ती म्हणाली, "आमच्या बाबाले ठेवाले जागाच नाही भेटून राहिली."

"मंग मी का करू?" तेजरामचा आवाज चढला. "सात वर्षं झाले, गळा सुकला सांगून सांगून. घडी सांगून येत नाही, तयारीत राहा. कोणी ऐकलं? तुया बाप तर हसत होता मले. बुकिंग झाली म्हणे तेजरामची, आता गाडी चुकवजो नको! तहान लागल्यावर विहीर खोदता, मंग पाणीच लागन ना!"

तृप्तीने मान खाली घातली.

"तेजराम, माणूस मातीत जायचा आहे," पाद्रीसाहेब म्हणाले.

"साहेब, तुमीच वाचून दाखवता ना, दहा कुमारी? पाच जणींनं दिव्याचं तेल भरून ठेवलं होतं. बाकीच्या पाच ऐन वेळेवर मागाले आल्या. देल्लं का त्याइनं? नाही देल्लं. आन् प्रभूनं त्याइलेच शहाण्या म्हटलं."

दर वर्षी पाद्रीसाहेब याच वचनावर उपदेश करत आले होते.

आत रुखमा तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवता नवऱ्याला म्हणाली, "योसेफानं तर प्रभूले देल्ली होती आपली कबर. कोरी होती, तरी देल्ली."

"त्याले तिसऱ्या दिवशी वापस भेटली! डोमा उठून वापस देनार हाये का मले?"

"शेवटच्या दिवशी उठनार नाही म्हणता? मंग एवढं बांधून ठेवलं कायले?"

तेजराम तिरमिरून खुर्चीतून उठला. त्याने भिंतीला टेकवलेली काठी उचलली.

"चला. पत्रे मीच काढीन. तुमी तोडून ठेवसान. सगळं आयतं पाहिजे लोकायले!"

गुडघे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, तो कबरस्तानात गेला नव्हता. वाटभर पुटपुटत राहिला. कबरीशी पोचला आणि वाकून बघू लागला.

पत्रे जागच्या जागी होते, पण बांधलेले नव्या नायलॉनच्या दोरीने. सांधीत डांबर भरलेलं. बाजूच्या बाभळीला तेलाचा एक जुना डबा उपडा टांगलेला, त्याच्या कडीला लांब दोरी.

"हे कोणं केलं?"

"बाबानं," तृप्ती म्हणाली. "पानी शिरते ना इथं. पाऊस थांबला का येत होते उपसाले. म्हणे, तेजरामचे गुडघे गेले, बसू द्या त्याले घरी. सांगू नको म्हणे, उगाच चिडते."

तेजरामने दोरी सोडली, खड्डे खोदणाऱ्या दोघांनी पत्रे उचलले. तळाशी वीतभर पाणी साचलं होतं. डोमा चार दिवस अंथरुणावर होता, तेवढ्याच दिवसांचं.

तेजरामने चप्पल काढली. बाभळीचा डबा सोडला. लोक नको नको म्हणत असताना विटांना धरून, कण्हत, तो स्वतःच्या कबरीत उतरला आणि डबा भरभरून वर देऊ लागला. तृप्ती तो घेऊन दूर नेऊन ओतत होती.

तळाचं सिमेंट दिसू लागलं तशी पाद्रीसाहेबांनी वाकून हात पुढे केला. "झालं आता. एवढं चालतं. या वर."

तेजरामने हात धरला नाही. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि खाली बसून फरशी पुसायला लागला.

"नाही चालत," तो खालूनच ओरडला. "त्यानं मले कोरडी ठेवली. मी त्याले ओली कशी देऊ?"