भार

“हात आत घ्या, बाबा.”

नरेशने स्ट्रेचरबाहेर हात काढून डोक्यामागची गाठ चाचपली. अपेक्षाने तो हात हळूच धरला, छातीवर ठेवला आणि वरून पट्टा आवळला.

कोंडाण्याच्या कड्यावर दुपारचं ऊन तापलं होतं. वाट चुकून अडकलेल्या एका पर्यटकाला गावच्या बचाव पथकाने सुखरूप खाली पोचवलं होतं. आवराआवर करताना वरून दगड सुटला आणि पथकाच्या म्होरक्याच्याच, नरेशच्या, मांडीवर बसला. हाड मोडलं. कितीतरी माणसं त्याने या कड्यावरून उतरवली होती. आज त्याला उतरवायचं होतं, आणि दोर सोडणार होती त्याची लेक. तिने आजवर सरावाला वाळूची पोती तेवढी उतरवली होती. जोडीला पथकातला जुना गडी सहदेव होता.

“आणखी एक गाठ मार गं.”

“मारलीय.”

“सहदेवला बघू दे.”

“सहदेवकाकांनी बघितलीय. आता गप पडून ऱ्हावा.” तिचा आवाज कापत होता.

उतरण्याआधी नरेश नेहमी गावदेवीचं नाव घ्यायचा. ‘आई, भार तुझ्यावर.’ आणि लगेच एकूण एक गाठ स्वतः ओढून बघायचा. दुसऱ्याने मारलेल्या गाठीला तो कधी लटकला नव्हता.

स्ट्रेचर काठावरून कललं. पाठीखालची जमीन संपली. समोर नुसतं आभाळ राहिलं.

निम्म्यावर आल्यावर दोर खडकात अटकला. स्ट्रेचर गचका खाऊन थांबलं आणि वाऱ्यावर फिरू लागलं. मांडीतून कळ निघाली. काय करायचं ते नरेशला पाठ होतं. थोडं वर ओढायचं, दोर डावीकडे सरकवायचा, मग सोडायचा. ओरडून सांगायला त्याने तोंड उघडलं.

वरून अपेक्षाचा आवाज आला. ती सहदेवला काही तरी सांगत होती. शब्द कळत नव्हते. मघाचा कंप मात्र आता त्यात नव्हता. आपण ओरडलो तर पोरीचं चित्त दोरावरून उडेल. नरेशने तोंड मिटलं.

‘आई,’ तो मनात म्हणाला, ‘माझं हात बांधलेलं हायत. मला येतंय त्याचा आता काय उपेग नाय. दोर तुझा, पोर तुझी, मीबी तुझाच.’

पट्ट्याखाली वळलेल्या मुठी उघडल्या. ताठलेली मान मागे टेकली. दोर अजून अटकलेलाच होता, कळही होतीच. भीती तेवढी उरली नव्हती.

मग स्ट्रेचर जरासं वर उचललं गेलं, हललं, आणि अलगद खाली येऊ लागलं.

खाली पथकातल्या लडकूने आणि इतरांनी ते झेललं. पाठोपाठ अपेक्षा उतरली. हेल्मेट काढून ती बापाशेजारी मातीत बसली, आणि तिला रडू फुटलं.

नरेश हसला. “रडतेस कशाला? बेस उतरवलंस. दोर डावीकडं सरकवलास ना?”

“नाय, उजवीकडं.” तिने नाक पुसलं. “डाव्या अंगाचा धोंडा सुटत आला व्हता. तुमाला खालून दिसला नसंल.”

नरेशने नजर वर कड्याकडे नेली.

“बरं झालं,” तो म्हणाला, “मला बांधलंस.”