बंदीऐवजी

नवरा दारूनं गेल्यावर येसूबाईंनी सोलापुरात दारूबंदीसाठी छोटा पक्ष काढला होता. पण बंदीच्या घोषणांना लोक कंटाळले, मतं घटली. यंदा तरुण उमेदवार उत्कर्षा हिनं जाहीरनाम्यात बंदीऐवजी व्यसनमुक्ती केंद्राचं आश्वासन घातलं. "मावशी, लोक परत येतील," ती चाचरत म्हणाली. येसूबाईंचे डोळे भरले. "मतांसाठी माझं कुंकू विसरलीस व्हय?" तेवढ्यात दारात दीपक दिसला. हा यंत्रमाग कामगार एरवी त्यांना पाहून रस्ता बदलायचा. आज त्याचे हात थरथरत होते. "काकू, तुमी दारू सोडवणार म्हणं. निवडणुकीपत्तुर थांबायला लागंल का?" येसूबाईंनी त्याच्या हातांकडं पाहिलं. त्यांचा नवराही असाच थरथरायचा, पण असं विचारायला त्याला दारच नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, बाजेवर जागा केली. "थांबायचं कशाला? आदी चार घास खा. मग आपण तिघं दवाखान्यात जाऊ."