चिपवरची मोकळी जागा

सिलिकॉनच्या चिपमधून टेराहर्ट्झ, म्हणजे अतिउच्च कंपनाच्या, लहरी पाठवणारा ट्रान्समीटर होणे नाही, असं सगळे म्हणत होते. एका अभियंत्याच्या बायकोने तो रचला आणि त्याने स्वतः तो चिपवर आखला. "मी डोकं चालवते, तू रेघा ओढ," असं म्हणून ती त्याला चिडवायची. आराखडा कारखान्यात जायच्या आधीच ती गेली, म्हणून त्याने चिपच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिचं नाव घातलं.

साहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "तुमचं दुःख समजतं हो मला. पण चिप कंपनीची आहे. नाव काढा."

त्याने ते काढलं. शेवटच्या तपासणीत संगणकाने आराखडाच नापास केला. चिपवर फार जागा मोकळी राहिली होती; तिथे थर सपाट बसत नाहीत, म्हणून अशी चिप कारखाना बनवत नाही.

साहेब वैतागले. "अहो, मोकळ्या जागेत धातूचे ठिपके भरायचे असतात, हे आता तुम्हाला शिकवू का?"

"कुठल्या आकाराचे भरू?"

"कसलेही भरा. कोण बघतंय ते!"

चिप बनून आली आणि पहिल्याच फटक्यात चालली. साहेबांनी मोठ्या हौसेने पाहुणे बोलावले, चिप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि चित्र भिंतीवरच्या पडद्यावर मोठं केलं.



कोपऱ्यातलं नाव खरंच काढलेलं होतं; पण चिपभर पसरलेल्या हजारो ठिपक्यांतला एकेक ठिपका म्हणजे तिचं नाव होतं.